बांधावरची छत्री, मैदानावरची छत्री

किनवटकडे तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्र, नीट लागला की सकाळी रस्त्याच्या कडेला बाया पळसाच्या पानांवर अळिंबीचे वाटे मांडून बसतात. माती लागलेल्या, लांब दांड्याच्या पांढऱ्या छत्र्या. ऊन चढायच्या आत वाटे संपलेले असतात, कारण घेणारे आधीच ठरलेले. मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर करपलेली तूर आणि टँकर येतो. पण किनवट-माहूरचा हा कोपरा वेगळा आहे. सागवान, धावडा, मोह, टेंभुर्णी, बिबा असं जंगल, पैनगंगेपलीकडे यवतमाळ, दुसऱ्या अंगाला तेलंगण, आणि पाऊस सगळ्या मराठवाड्यात जास्त. मी मूळची बीडकडची. आमच्याकडे अशा उगवणीला सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतात आणि पोरं ती लाथेनं उडवतात. इथं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला आले आणि हे वाटे पाहून पहिल्यांदा थबकले.

अकरावीतल्या एका मुलीनं एकाच पिशवीत दोन छत्र्या आणल्या तेव्हा हे प्रकरण सुरू झालं. एक घरच्या शेताच्या बांधावरची, दुसरी आमच्याच मैदानावरच्या गवतातली. “मॅडम, सारखीच ना? मग मैदानातलीपण आईला नेऊ का?” प्रश्न साधा होता, पण उत्तरावर त्या घरातलं रात्रीचं जेवण अवलंबून होतं. मी सांगितलं, आज दोन्ही इथंच राहू देत.

टेबलावर ठेवल्या तेव्हा दोघी खरोखर बहिणी वाटत होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही तळहाताएवढ्या, दोघींच्या दांड्याला वर कडं, आणि टोपीखालच्या पात्या दोन्हीत दांड्याला न चिकटता थोड्या अलीकडेच थांबलेल्या. मैदानावरच्या छत्रीच्या टोपीवर तपकिरी खवले होते, बांधावरचीच्या टोपीवर फक्त मधोमध करडा-तपकिरी डाग. पण पावसात खवले धुऊन जातात, त्यामुळे एवढ्यावर विसंबणं धोक्याचं. मुलांनी फोनमधल्या ओळख-अॅपला फोटो दाखवले. त्यानं एकाच छत्रीला वरून, बाजूनं आणि खालून तीन वेगवेगळी नावं दिली आणि तिन्ही वेळा ठामपणे दिली. त्यात अॅपचा फारसा दोष नाही. त्याला जे दिसतं ते जमिनीच्या वरचं, आणि या जातीची ओळख निम्मी जमिनीखाली असते. आपण छत्री मुरगळून तोडतो तेव्हा ओळखीचा तो भाग जमिनीतच सोडून येतो.

स्टाफरूममध्ये चाचण्यांचा पाऊस पडला. चांदीचं नाणं टाकून उकळा, काळं पडलं तर विषारी. लसूण टाका. हळद टाका. किड्यांनी खाल्लेली असेल तर माणसालाही चालते. पांढरी चांगली, रंगीत वाईट. टोपीचं साल सुटलं तर खुशाल खा. यातली एकही खरी नाही. जगातल्या सर्वांत घातक छत्र्यांमध्ये शुद्ध पांढऱ्याही आहेत, त्यांचं विष चांदीला काही करत नाही, आणि किड्यांचं पोट आपल्यासारखं चालत नाही. “आधी थोडी खाऊन दोन तास बघावं” हा सल्ला तर सगळ्यांत वाईट. अमॅनिटा कुळातल्या जीवघेण्या जातींची लक्षणं सहा-बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात, मग उलट्या-जुलाब जरा थांबल्यासारखे वाटतात, आणि तोवर यकृताचं काम बिघडत चाललेलं असतं. 2022 च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळिंबी खाऊन 13 जण गेले. मैदानावरच्या छत्रीबद्दल मला जो संशय होता ती जात इतकी क्रूर नाही, पण माणसाला दवाखान्यात पोहोचवायला पुरेशी आहे.

त्या मुलीची आजी या भागातली जाणकार. वस्तीवर सगळे तिला मावशीच म्हणतात, म्हणून मीही. ती छत्री ओळखते कशी, हे आधी बघायचं ठरवलं. अभयारण्याच्या हद्दीतलं काही तोडायचं नाही, हे आम्ही आधीच पक्कं केलं होतं; पैनगंगा अभयारण्यातून विनापरवाना काही उचलणं हा गुन्हा आहे. आमचं काम शेतांच्या बांधांवर, सागाच्या रेषेला लागून.

मावशी छत्री शोधत नाही, ती वारुळाकडे जाते. कोणत्या वारुळापाशी कोणत्या नक्षत्रात येते हे तिच्या डोक्यात आहे. या वारुळावर तरण्या पावसात, त्या लिंबाखालच्यावर म्हाताऱ्या पावसात, आणि वरच्या ढेकळाच्या वावरात गेली दोन सालं काहीच नाही कारण तिथं नांगर खोल गेला. वारूळ नाही तर छत्री तोडायची नाही, हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम हाताचा. ती दांडा धरून हळूहळू हलवत वर खेचते, आणि दांडा खाली निमुळता होत होत मातीत पुढे जात राहिला तरच टोपल्यात टाकते. खालून गोल, आखूड निघाली की फेकून देते. वास घेते, पण वासाबद्दल तिला काही सांगता येत नाही. “येतोय तसा येतोय,” एवढंच.

मला मात्र तो शेपटा शेवटपर्यंत हवा होता, आणि खणायचं म्हटल्यावर मावशी भडकली. “कामून खणायलाव बाई? घर मोडलं की पुढल्या साली काय खाणार?” तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एकदा वारूळ फोडलं की तिथली छत्री गेली. सुदैवानं मुलीच्या चुलत्याच्या शेतात शेततळ्यासाठी आखणी झाली होती आणि आखणीच्या आत एक वारूळ होतं. पुढच्या आठवड्यात तिथं जेसीबी येणार होता. तेव्हा मावशीनं परवानगी दिली, तीही नाराजीनंच.

सरळ खाली खणलं की शेपटा तुटतो. म्हणून छत्रीपासून हातभर अंतरावर आधी खड्डा घ्यायचा, आणि मग खुरप्यानं बाजूनं माती खरवडत तिच्याकडे यायचं. वरची काळी माती मऊ होती, खाली मुरूम लागला आणि वेग एकदम कमी झाला. दांडा बोटाएवढा जाड होता तो खाली पेन्सिलीएवढा झाला, मग सुतळीएवढा. त्याचा रंग पांढऱ्याचा मळकट करडा झाला. तो सरळ जात नाही, दगडाला वळसा घालतो. गुडघ्याएवढ्या खोलीवर माती अचानक पोकळ लागली, आणि आत मुठीएवढी तपकिरी, भोकाभोकांची पोळी बसलेली होती, थेट मधाच्या पोळ्यासारखी. शेपटा तिच्यातूनच निघाला होता. पोळीवर मोहरीएवढे पांढरे ठिपके होते आणि उदईची, म्हणजे वाळवीची, धावपळ सुरू झाली होती. मुलं खड्ड्यावर ओणवी झाली होती. मावशी, जिनं सगळं आयुष्य या छत्र्या गोळा केल्या, तीही पहिल्यांदाच ही पोळी बघत होती. काही बोलली नाही, पण टोपलं बाजूला ठेवून खाली बसली.

ही पोळी म्हणजे उदईची शेती. उदई सुकी पानं, काड्या, लाकूड खाऊन आणते. त्यातला लाकडाचा कठीण भाग तिला एकटीला पचत नाही. अर्धवट पचलेलं ते सगळं ती विष्ठेच्या रूपात रचत जाते आणि त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते. बुरशी तो माल मऊ करते, उदई पांढरे ठिपके आणि जुनी पोळी खाते. हा व्यवहार सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाला असं मानतात. पावसाळ्यात जमीन पुरेशी भिजली की बुरशी वर छत्री पाठवते, आणि पोळी जितकी खोल तितका शेपटा लांब. उदईवाचून ही छत्री वाढवणं आजवर कुणाला व्यापारी पातळीवर जमलेलं नाही, म्हणूनच धिंगरी आणि बटन मशरूमची शेती होते पण हिची होत नाही. रस्त्याच्या कडेचा तो वाटा महाग का, याचं उत्तर त्या खड्ड्यात मिळालं.

मैदानावरची छत्री उपटायला खुरपंही लागलं नाही. दांड्याचा तळ किंचित फुगीर, खाली गवताची मुळं, शेपटा नाही, वारूळ नाही. एवढ्यावरच मावशीचा निकाल लागला असता. पण मला लिखित पुरावा हवा होता, कारण ज्यांना वारूळ दाखवता येत नाही त्यांना काहीतरी दाखवावं लागतं.

नमुने प्लास्टिकच्या पिशवीत न्यायचे नाहीत, घाम सुटून सडतात. जुन्या वहीच्या कागदाच्या पुड्या केल्या. त्याआधी जागेवरच टिपणं घेतली, कारण सुकल्यावर रंग, वास आणि ओलावा यातलं काहीच उरत नाही. टोपीचा व्यास, दांड्याची लांबी जमिनीवरची आणि खालची वेगवेगळी, कडं सरकतं की नाही, कापल्यावर गराचा रंग बदलतो का, जवळचं झाड, माती. कड्यावर मी विशेष वेळ घालवला. मैदानावरच्या छत्रीचं कडं बोटानं दांड्यावर वर-खाली सरकत होतं. बांधावरचीचं जाडसर होतं आणि हललं नाही. मैदानावरचीचा दांडा कापल्यावर काही मिनिटांत लालसर-तपकिरी झाक आली.

मग ठसा, म्हणजे पात्यांतून गळणाऱ्या बीजाणूंचा छाप. प्रत्येकीची टोपी दांड्यापासून कापायची, पात्या खाली येतील अशी कागदावर ठेवायची, आणि वरून वाटी पालथी घालायची म्हणजे वारा लागत नाही. कागद निम्मा पांढरा, निम्मा काळा घेतला, कारण फिक्या रंगाचा ठसा पांढऱ्यावर दिसत नाही. घरातल्या स्टीलच्या वाट्या यासाठी अडकल्यावर घरच्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं. रात्री लाइट गेली, पंखा बंद पडला, तेही बरंच झालं.

सकाळी वाट्या उचलल्या. बांधावरचीच्या खाली फिकी, गुलाबी छटेची साय पसरली होती, काळ्या कागदावर स्पष्ट आणि पांढऱ्यावर अंधुक. मैदानावरचीच्या खाली हिरवा. शेवाळी, मळकट हिरवा, पात्यांच्या रेघांसकट छापलेला. आदल्या दिवशी तिच्या पात्या दुधासारख्या पांढऱ्या होत्या. कोवळेपणी त्या पांढऱ्याच असतात, आणि लोक कोवळीच छत्री खातात, तिथंच फसगत होते. हिरव्या बीजाणूंची अशी मोठी छत्री म्हणजे क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस. जगात अळिंबीच्या विषबाधेच्या बऱ्याच केसेस हिच्यामुळे होतात, कारण ती माणसाच्या दारातच उगवते: हिरवळीवर, मैदानांवर, बागांत. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मोठा माणूस बहुधा सावरतो, पण लहान मुलाचं शरीरातलं पाणी फार लवकर जातं.

तो कागद मी वर्गात भिंतीवर लावला आहे. या साऱ्या प्रकरणात विद्यार्थ्यांना सगळ्यांत जास्त पटलं ते तेच. सूक्ष्मदर्शकाबद्दल त्यांना फारसं काही वाटलं नाही, कारण आमचा सूक्ष्मदर्शक जुना आहे आणि त्यात बघताना डोळा दुखतो. तरी बघितलं. ठशातलं थोडं चूर्ण सुईच्या टोकानं काचपट्टीवर, त्यावर पाण्याचा थेंब, वर झाकणकाच. मोजायची पट्टी बसवलेला नेत्रभिंगाचा तुकडा विद्यापीठात शिकवणाऱ्या एका जुन्या वर्गमित्रानं उसना दिला. बांधावरचीचे बीजाणू 6 ते 8 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, गुळगुळीत, लंबगोल, टोकाला छिद्र नाही. मैदानावरचीचे जवळपास दीडपट मोठे, जाड भिंतीचे, आणि एका टोकाला कापल्यासारखं छिद्र. एकदा हे चित्र डोळ्यात बसलं की दोघी परत बहिणी वाटत नाहीत.

वंश तर मिळाला. जात कोणती? इथं पुस्तकं घेऊन बसावं लागतं आणि बसण्याची सवय मोडलेली असते. टर्मिटोमायसिस हा वंश फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी 1942 मध्ये मांडला. भारतात त्याच्या बऱ्याच जाती आहेत. क्लायपिएटस या जातीच्या टोपीच्या मध्यावर काट्यासारखं टोकदार शेंडं असतं आणि दांड्याला कडं नसतं. युरायझसची टोपी तपकिरी, लांब शेपटा, तिलाही कडं नाही. मायक्रोकार्पसच्या छत्र्या अगदी लहान, शेकड्यांनी, आणि त्यांना लांब शेपटा नसतो, कारण उदईनं पोळीचे तुकडे वर आणून टाकले की त्यावरच त्या उगवतात. पांढरी टोपी, मधोमध करडा डाग, न हलणारं जाड कडं आणि लांब शेपटा, हे सगळं एकत्र मिळतं ते टर्मिटोमायसिस हायमी या जातीत. हाइम यांच्याच नावाची ही जात के. नटराजन यांनी 1979 मध्ये दक्षिण भारतातल्या नमुन्यांवरून वर्णिली.

वर्गमित्राला आणखी खात्री हवी होती. सुकवलेल्या टोपीचा एक तुकडा त्यानं डीएनए काढायला घेतला. बुरशी ओळखण्यासाठी आयटीएस नावाचा डीएनएचा एक पट्टा वाचतात. 2012 पासून तोच बुरशींचा अधिकृत ओळखपट्टा मानला जातो. आमचा पट्टा हायमीच्या नोंदींशी जुळला. गंमत अशी की तेवढाच चांगला तो एका बिननावाच्या ‘टर्मिटोमायसिस प्रजाती’ या नोंदीशीही जुळला. कुणीतरी कुठंतरी छत्री उचलली, पट्टा वाचला, नोंद टाकली आणि शेपटा, कडं, ठसा यातलं काहीच लिहिलं नाही. अशा नोंदी खूप आहेत, आणि काहींवर तर नाव आहे पण ते चुकीचं आहे. यंत्रानं काढलेल्या अक्षरांच्या माळेला अर्थ येतो तो कुणीतरी आधी खड्डा खणून नीट लिहून ठेवलेलं असतं म्हणून. वर्गमित्राला हे पटत नाही. त्याच्या मते अजून दोन-तीन जनुकं वाचली की खड्ड्याची गरज संपते. आमचा वाद चालू आहे.

नमुना सुकवायला खोक्यात बल्ब लावला, वर जाळी ठेवली आणि झाकणाला भोकं पाडली. छत्री उभी चिरून सुकवायची, नाही तर मधला गर ओला राहून बुरशीलाच बुरशी लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक हर्बेरियम आहे, देशभरातले बुरशींचे नमुने तिथं जपले जातात. तिथल्या नमुन्यांवर जशी माहिती असते, तशीच आमच्या कपाटातल्या पाकिटावर लिहायची असं ठरवलं: गाव, तालुका, तारीख, वारुळाची जागा, झाडं, गोळा करणाऱ्याचं नाव. गोळा करणाऱ्याच्या जागी मावशीचं नाव लिहिलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, त्यांचं शिक्षण काय? मी म्हटलं, तो रकाना पाकिटावर नाही.

मैदानावरच्या छत्र्या आता पाऊस झाला की मुलं शाळा भरायच्या आधी काढून टाकतात. हातमोजे घालायची गरज नाही, हात लावल्यानं काही होत नाही, पण बरोबरची लहान पोरं बघतात म्हणून धुऊन घ्यायला सांगते. वस्तीवर जाऊन मी हिरव्या ठशाचा कागद दाखवला. घरात ज्यांना शंका येईल त्यांनी वाटीखाली टोपी ठेवून सकाळपर्यंत थांबावं, हिरवा ठसा पडला तर टाकून द्यावी. पण हिरवा नाही पडला म्हणजे खायला चांगली, असं मात्र नाही, हे मी दोनदा सांगितलं. घातक अमॅनिटांचा ठसा पांढरा पडतो. ठसा एका जातीला बाहेर काढतो, बाकीच्यांना आत घेत नाही. हे वाक्य लोकांच्या गळी उतरवणं मला अजून नीट जमलेलं नाही. मावशीनं ते लगेच पकडलं आणि आपल्या भाषेत सांगून टाकलं: “वारूळ न्हाई, शेपूट न्हाई, मंग घरात आणायचीच न्हाई. कागद-बिगद मागून.”

उठताना तिनं एक नवंच काढलं. श्रावण सरत आला की तिच्या वरच्या वावरात बारीक बारीक पांढऱ्या छत्र्या येतात, टोपलंभर एका जागी, आणि त्यांना शेपूट नसतं. “पण आमी खातो त्या. त्या कशा वं?” तिच्याच नियमात त्या बसत नव्हत्या, आणि ते तिलाही ठाऊक होतं. मायक्रोकार्पस असाव्यात असा माझा अंदाज आहे, पण त्या वावरात अजून मी गेलेली नाही. त्या उगवल्या की आधी मला निरोप द्यायचा आणि मगच टोपलं भरायचं, एवढं तिनं कबूल केलं आहे.